बिननावाचे शनिवार

सुदामने आपली पानं परत मागितली तो शनिवार होता. मी पानं दिली. पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही शनिवारी आला नाही.

आम्ही चौघं होतो. विद्यापीठाच्या मराठी विभागात एम.ए.ला एका वर्गात बसत होतो, आणि चौघंही काही ना काही लिहीत होतो. निरंजन वकिलाचा मुलगा. त्याने आमच्यापेक्षा दुप्पट वाचलेलं होतं आणि त्याचं प्रत्येक वाक्य 'मुळात'पासून सुरू होत असे. शालिनीच्या आईवडिलांनी लग्न झालं त्याच वर्षी धम्मदीक्षा घेतली होती. तिच्या घरी पुढच्याच खोलीत पुस्तकांचं कपाट होतं आणि पाहुण्याला पाणी देण्याआधी तिचे वडील त्याला विचारत, सध्या काय वाचता. सुदाम उमरेडच्या विणकरांच्या घरातला. त्याचे वडील माग घेऊन शहरात, सक्करदऱ्याला आले होते आणि सुदामच्या शिक्षणासाठी तिथेच राहिले. चौथी मी, शहराच्या महाल या जुन्या भागातली. बोलायची वेळ आली की मी पेनाचं टोपण काढायची आणि परत लावायची.

शनिवारी विभाग दुपारी बारालाच रिकामा व्हायचा. आम्ही मागच्या पायऱ्यांवर बसत होतो, पण चौकीदाराला ते आवडत नसे. 'हे बाग आहे का?' असं तो आमच्याकडे न बघता, झाडाला विचारल्यासारखं विचारायचा. एकदा मार्चच्या उन्हात तिथे बसून शालिनीला चक्कर आली. मी तिला रिक्षाने आमच्या घरी आणलं आणि मागून सायकलींवर हे दोघं आले. आईने तिला कांदा हुंगायला दिला, सगळ्यांना गुळाचं पाणी दिलं आणि म्हणाली, "काहून गा, तुम्हाले बसाले जागा नाही का या एवढ्या गावात? इथं बसत जा ना." तेव्हापासून शनिवार आमच्या घरी.

आमचं घर म्हणजे छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या. बाबा त्याच छापखान्यात मुद्रितं तपासत आणि मालकाने आम्हाला वरची जागा दिलेली होती. खाली ट्रेडल चालायचं. पायाने चालवायचं यंत्र, त्याची खट्-सर्र, खट्-सर्र दिवसभर जिन्यातून वर येत राहायची आणि आम्हाला ती ऐकूही येत नसे. सुदाम पहिल्यांदा आला तेव्हा जिन्यातच थांबला. "तुमच्या घरी माग आहे का वं?" त्याने मला विचारलं. आई वरून म्हणाली, "माग नाही गा, छापखाना आहे. लग्नाच्या पत्रिका छापून राहिले. ये वर." तो वर आला, भिंतीला कान लावला आणि म्हणाला, "अबे निरंजन, ऐक. घरी असल्यासारखंच वाटते बे." पुढे तो नेहमी त्या भिंतीला पाठ लावूनच बसायचा.

आई दर शनिवारी पोहे करायची आणि वर चण्याची तर्री. तिची पद्धत ठरलेली होती. आधी वाचन, मग भांडण, मग पोहे. एकदा निरंजनने भूक लागल्याची तक्रार केली तर ती म्हणाली, "भुकेजलं माणूस खरं बोलते. खाल्ल्यावर सगळेच वा वा करतेत." सुदामला तर्री जास्त लागायची. "मावशी, माह्या पोह्याईले पोहता आलं पायजे," असं तो म्हणायचा. कधी त्याच्या आईने पाठवलेल्या पाटोड्यांचा डबा घेऊन यायचा. त्या पाटोड्यांचा तिखटपणा निरंजनच्या कानांपर्यंत चढायचा, आणि ते लाल कान बघून शालिनीला हसू आवरत नसे. आता मला तिखट वर्ज्य आहे. परवा सुनेने तर्री केली तेव्हा मी वाटी नुसती जवळ घेऊन बसले होते.

आमच्या शनिवारांचा एक नियम होता, तो निरंजनने काढला. विभागात कोणी कविता वाचली की लोक कवितेकडे बघतच नसत. कोणाची आहे, तो कोणत्या सरांचा लाडका आहे, काल कोणाशी भांडला होता, यावरून मतं ठरायची. निरंजन म्हणाला, "मुळात नावच काढून टाकू." मग ठरलं ते असं. ज्याने लिहिलं त्याने आपली पानं आठवडाभरात कधीतरी गुपचूप माझ्याकडे द्यायची. मी ती माझ्या अक्षरात उतरवून काढायची, म्हणजे अक्षरावरून ओळख पटणार नाही. शनिवारी चिठ्ठी टाकायची, ज्याचं नाव निघेल त्याने माझी प्रत मोठ्याने वाचायची. मग सगळ्यांनी मतं द्यायची, लिहिणाऱ्यानेसुद्धा. तो गप्प बसला तर लगेच कळेल ना. त्याने आपल्याच लिखाणाबद्दल परक्यासारखं बोलायचं. आणि हे कोणाचं होतं, ते नंतरही सांगायचं नाही.

काम माझ्याकडे आलं ते माझ्या अक्षरामुळे. बाबांनी ते घडवलं होतं. लहानपणी मी शुद्धलेखन काढलं की ते पाटीवर बोट ठेवून म्हणायचे, "हा 'र' वाचणाऱ्याला त्रास देईल." दुसऱ्याला त्रास न देणं ही त्यांची अक्षराबद्दलची, आणि मला वाटतं एकंदर जगण्याबद्दलचीही, सगळी शिकवण होती. माझी प्रत झाली की मी ती बाबांना द्यायची. ते जेवण झाल्यावर तांबड्या पेन्सिलीने तपासायचे आणि न बोलता परत करायचे. कोणाचं आहे, कसं आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यामुळे शनिवारी काय चाललं आहे ते फक्त मला कळायचं. बाकीचे अंदाज करायचे आणि माझ्यासमोर सगळं नाटक उघडं असायचं. एकदा निरंजनची कथा होती. ओळखू येऊ नये म्हणून तो तिच्यावर इतका तुटून पडला, इतकं काही बोलला, की शालिनी चिडली. "तुला काय कळतं रे? चांगली कथा आहे. ज्याने लिहिली त्याचं मन तरी आहे, तुझ्यासारखा दगड नाही तो." निरंजनचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन हसले. आईने विचारलं, "काय झालं वं?" मला सांगता येत नव्हतं. तो काळ मला असाच आठवतो. मला काहीतरी माहीत आहे, ते मजेचं आहे आणि सांगायचं नाही.

सुदाम तोवर कविता द्यायचा. बऱ्या असायच्या, थोड्या निरंजनसारख्या. दुसऱ्या वर्षाच्या थंडीत एकदा विभागाच्या व्हरांड्यात त्याने मला वर्तमानपत्रात गुंडाळलेली पानं दिली. "हे वेगळं आहे," तो म्हणाला. "आरामात लिव. घाई नाही." पेन्सिलीने लिहिलेली पानं होती, आणि गद्य.

वडिलांचा माग विकला गेला, त्याबद्दलचं ते लिखाण होतं. हातमागाचं कापड घ्यायला कोणी येत नव्हतं, म्हणून माग मोडून लाकडाच्या भावाने दिला. विणकर ज्यात पाय सोडून बसतो आणि पायांनी माग चालवतो तो खड्डा मात्र जमिनीत तसाच राहिला. आई म्हणाली बुजवून टाका. वडील म्हणाले पावसाळा जाऊ दे. पावसाळा गेला. वडील रोज दुपारी ताट घेऊन खड्ड्याच्या काठावर बसतात, पाय आत सोडतात आणि तिथे जेवतात. जेवताना त्यांचे पाय हलतात. आई आधी रागवायची, आता ती त्यांचं पाणी तिथेच नेऊन ठेवते. एवढंच होतं. कुठे रडणं नव्हतं, कुठे कोणाला दोष नव्हता. मला ते उतरवायला तीन संध्याकाळ लागल्या, कारण एकेक वाक्य लिहून झाल्यावर मी थांबत होते. सुदामच्या घरचा माग विकला गेला हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. त्याच्या घरी आम्ही कोणी कधी गेलोच नव्हतो.

बाबांनी प्रत तपासली. तांबडी पेन्सिल कुठेच टेकली नाही. पानं परत देताना ते म्हणाले, "हे कोणाचं आहे?"

"नाव सांगता येत नाही, बाबा."

"नको सांगू. पण जो कोणी असेल त्याला म्हणावं, थांबू नको."

हा निरोप मी सुदामला दिला नाही. शनिवारच्या आधी कोणाला मत कळवणं म्हणजे नियम मोडणं, असं मी स्वतःला सांगितलं. दोन दिवस तो मला वर्गात दिसत होता. एकदा त्याने भुवया उंचावून नुसतं विचारलंसुद्धा. मी मान हलवली, म्हणजे उतरवून झालं.

शनिवारी चिठ्ठी शालिनीची निघाली. तिने वाचलं. तिचा आवाज वाचताना एका पट्टीत राहायचा, त्या लिखाणाला तो चांगला जुळला. वाचून झाल्यावर तिने पानं मांडीवर पालथी ठेवली. खालचं यंत्र चालू होतं. निरंजन म्हणाला, "मुळात बांधणी चांगली आहे. पण ते खड्ड्याचं... थोडं रचलेलं वाटतं का? सुदाम, तुझा विषय आहे. तू सांग."

आता बोलायची पाळी सुदामची होती, आणि परक्यासारखं बोलायचा नियम होता.

तो भिंतीला टेकून बसलेला होता. तो म्हणाला, "खोटं आहे."

"काय खोटं?" शालिनीने विचारलं.

"सगळंच. असं कोणी बसते का? माग गेला की गेला. खड्डा बुजवतेत, वरतून शेणानं सारवतेत, त्याच्यावर बाज टाकतेत. विणकराले एवढा येळ नसते. हे लिवणाऱ्यानं माग बाहेरूनच पाह्यला आहे. खिडकीतून."

त्याने हे इतकं सहज म्हटलं की मला स्वतःला क्षणभर शंका आली. निरंजनने लगेच मान डोलावली. "बघा, मला जाणवत होतं. दुरून पाहिलेलं दुःख आहे हे. ज्याने लिहिलं त्याने एकदा विणकराच्या घरी जाऊन यावं." हे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं. सुदाम फक्त कविता लिहितो असं सगळे धरून चालले होते, त्यामुळे ते लिखाण माझं आहे असं त्याला वाटत होतं. शालिनी हळू आवाजात म्हणाली, "मला तर खरं वाटलं होतं. पण सुदाम म्हणतो म्हणजे..."

सुदाम आणखी बोलत राहिला. पाय हलतात म्हणे. हलतेत का पाय? सिनेमात हलतेत. तो हसतसुद्धा होता. मग थांबला आणि माझ्याकडे वळला. "काय वं कुमुद, तू काहीच नाही बोलली. तुले काय वाटते?"

मी बोलू नये असा नियम नव्हता. मी उतरवून काढणारी, मला सगळं माहीत, म्हणून मी मत देत नाही, ही पद्धत मी स्वतःच पाडून घेतली होती आणि ती सगळ्यांनी मान्य केली होती. मी म्हणू शकत होते की मला हे खरं वाटतं. बाबांचे शब्द सांगू शकत होते, त्यासाठी कोणाचं नाव घ्यावं लागत नव्हतं. पण मी बाजू घेतली असती तर निरंजनची खात्री झाली असती की हे माझंच आहे. सुदामने ज्याला खोटं म्हटलं ते माझ्या नावावर लागेल याची मला लाज वाटली. एवढंच कारण. इतक्या वर्षांत मी याहून मोठं कारण शोधून पाहिलं आहे, ते मिळालेलं नाही.

मी म्हणाले, "तू म्हणतोस तसंच असेल."

तो "हं" म्हणाला. आई पोहे घेऊन आली. "झालं का भांडून?" तिने विचारलं. "झालं मावशी," सुदाम म्हणाला. त्या दिवशी त्याने तर्री मागून घेतली नाही. आईच्या ते लक्षात आलं. रात्री ती मला म्हणाली, "त्या पोराले बरं नाही का वं?"

निघताना तो जिन्यात मागे राहिला. निरंजन आणि शालिनी खाली सायकली काढत होते. "माही पानं दे," तो म्हणाला. मी ती आणून दिली. "तुवी प्रत पण." तीही दिली. दोन्ही त्याने एकत्र दुमडून शर्टाच्या आत घातली. खालून निरंजनने हाक मारली, "ये ना बे," आणि तो उतरला.

वर्गातही तो मग क्वचित यायचा. सावनेरच्या बाजूला खाणीच्या ऑफिसात कारकुनाची जागा मिळते आहे असं कोणीतरी सांगितलं. आमचे तीन-चार शनिवार झाले, पण तिघांत नियम टिकत नव्हता. लिहिणारा लगेच ओळखू यायचा. शेवटी एका दुपारी मी सायकल काढली आणि पत्ता विचारत सक्करदऱ्याला गेले.

घराचं दार उघडं होतं. आत शिरताच पहिल्या खोलीत त्याचे वडील दिसले. खोलीच्या मध्यावर जमिनीत खड्डा होता. ते त्याच्या काठावर बसले होते. पाय आत, ताट शेजारी, बाजूला पाण्याचा गडवा. ज्वारीची भाकर आणि वरण खात होते. मी पायांकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तरी दिसलं. त्यांनी वर बघून विचारलं, "कोण वं बाई?" आतून सुदाम आला. मला पाहून त्याला आश्चर्य वाटलं नाही. "बाबा, हे कुमुद. महालातली. हिच्याच घरी मी पोहे खात होतो." म्हातारे हसले आणि म्हणाले, "ये, जेव." त्याची आई लगेच ताट घ्यायला गेली. मला नाही म्हणता आलं नाही. मी भिंतीशी बसून त्यांच्याबरोबर जेवले.

नंतर आम्ही अंगणात उभे राहिलो. मी म्हणाले, "सुदाम, माझ्या बाबांनी निरोप दिला होता. ज्या कोणी लिहिलं त्याला थांबू नको म्हणून सांग म्हणाले होते."

"कवा?"

"वाचायच्या आधी."

कोपऱ्यात त्याची आई भांडी घासत होती. मग तो म्हणाला, "मी गंमतच करून राहिलो होतो वं, पहिले. नियम होता ना. मले वाटलं, मी खोटं म्हणन आन कोणी तरी मले खोटं पाडंल. कोणी तरी म्हणंल का नाही, हे खरं आहे. मी वाट पाहून राहिलो होतो. जेवढं तुम्ही आयकून घेत होते, तेवढा मी जास्त बोलत गेलो. मंग बोलता बोलता मलेच ते खोटं वाटाले लागलं. घरी येऊन वाचलं, तर तसंच वाटलं. निरंजनचं नाही वाटलं काही, त्याले काय माहीत. तुले माहीत होतं."

"मग पुन्हा लिही ना," मी म्हणाले. "मी आता सांगते आहे, ते खरं आहे. मी आत्ता बघून आले."

"आता बघून आली," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "पाह्यल्यावर कोणीही म्हणंल. वाचून म्हणाले पायजे होतं."

तो आपली सायकल काढून तलावापर्यंत माझ्याबरोबर आला. पानं कुठे आहेत विचारलं तर म्हणाला, "असतीन कुठी."

तो सावनेरला गेला, खाणीच्या ऑफिसात लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. आमची मैत्री तुटली नाही, हे सांगायला हवं. माझ्या लग्नाला तो आला. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात तीनदा आला आणि एकदा त्याने तिला स्वतःच्या हाताने खिचडी भरवली. माझी पुस्तकं निघाली ती त्याने विकत घेऊन वाचली आणि प्रत्येकाबद्दल नेमकं काय चुकलं ते सांगितलं. त्याच्याइतकं नीट वाचणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. पण त्याने लिहिलं नाही. मी कधी विषय काढला तर म्हणायचा, "काहून वं, तुले उतरवाले कोणी सापडत नाही का?" आणि हसायचा. मग मलाही हसावं लागायचं.

निरंजनला आणि शालिनीला मी हे फार उशिरा सांगितलं, तेव्हा आमचे केस पांढरे झाले होते. निरंजन म्हणाला, "मुळात त्याने तेव्हाच सांगायला हवं होतं." शालिनीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि तू?" तिला मी उत्तर दिलं नाही. हे प्रकरण लिहायला घेतलं ते बहुधा त्यासाठीच.

या उन्हाळ्यात सुदाम गेला. त्याच्या मुलीने फोन केला. तेरवीनंतर मी तिला विचारलं, बाबांच्या कागदांत पेन्सिलीने लिहिलेली काही पानं आहेत का. ती म्हणाली, "कुमुदमावशी, बाबा लिहीत होते?" तिने सगळी कपाटं पाहिली. पेन्शनचे कागद, विम्याचे कागद, माझी पुस्तकं, त्यांच्या समासात त्याने काढलेल्या माझ्या चुका. ती पानं नव्हती.

छापखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली. आई नाही, बाबा नाहीत. निरंजन पुण्याला मुलाकडे असतो. शालिनी आणि मी फोनवर बोलतो. सुदामचं ते लिखाण निदान चार पानांचं होतं. मी ते माझ्या हाताने उतरवलेलं असल्यामुळे काही भाग मला अजून येतो. गेल्या महिन्यात मी आठवेल तेवढं वहीत लिहून काढलं. अकरा वाक्यं झाली.